सोमवारचं दुसरं रक्त

हिराबाईंनी पुढे केलेली खुर्ची घेतली नाही. भिंतीला पाठ लावून त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला एवढंच सांगा. मालकांना मी मारलं का?"

माई देशिंगकरांनी पेनाला टोपण लावलं. अठ्ठावीस वर्षं औषध निरीक्षक म्हणून कारखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर त्यांनी लक्ष्मीपुरीत ही खोली घेतली होती आणि वकिलांसाठी खाजगी चौकश्या करायला सुरुवात केली होती. टिपणं काढायला त्र्यंबक कापशीकर असत. ते शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. अक्षर सुरेख, पण तर्क मंद, असं माई त्यांच्या तोंडावरच म्हणत.

त्र्यंबकांनी वही उघडली. असा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर रडं नसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिराबाईंचा चेहरा उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा कोरडा आणि ताठ होता.

"अत्ती, बसा की," सोबत आलेली त्यांची सून दानेश्वरी म्हणाली. आवाजात माया होती, पण ती सासूपासून हातभर लांब उभी होती.

हकीकत दानेश्वरीनंच सांगितली. सासरे बसाप्पा मुरगूडजवळच्या वाडीतले, मधुमेहाचे रुग्ण. ताराबाई पार्कातल्या 'आरोहण' संशोधन केंद्रात नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि तिच्यात ते अकरा महिने होते. दर चौथ्या गुरुवारी उपाशीपोटी जायचं. आधी पहिलं रक्त, मग सगळ्यांच्या देखत गोळी, मग केंद्राकडून उपम्याचा डबा, आणि दोन तासांनी दुसरं रक्त. बाकीच्या दिवशी गोळी घरी, हिराबाईंच्या हातून.

"तीन आठवड्यांमागं शनिवारी फोन आला. कंपनीची तपासणी हाय, गुरुवारी नको, सोमवारीच या. मामा पहिल्या यष्टीनं गेले. दुपारी एकला मुरगूडच्या स्टँडवर उतरले आणि बाकड्यावरच बसले. घाम, बडबड. लोकांनी म्हणं पिलेत म्हणून सोडलं. दोन तास." तिनं सासूकडे पाहिलं. "ज्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला न्हाय. दवाखान्यात नेलं तवा साखर पार उतरून पंचवीस. सलाईन लावायच्या आतच संपलं."

"आणि केंद्र काय म्हणतं?"

"अत्तींनी सकाळी घरी एक गोळी दिली, वर केंद्रातली एक. दोन झाल्या."

"दिली होती?" माईंनी हिराबाईंना विचारलं.

"सोमवारी न्हाय देत मी. सोमवारी मालक सांजच्या पूजेपतूर पाणीच घ्यायचे. उपाशीपोटी गोळी नको, असं भैरवीबाईंनीच सांगितलेलं. पर नंतर गोळ्यांची बाटली मोजली तर एक कमी भरली म्हणं. ताई, मी अडाणी. त्या दिवशी पहाटं सगळी गडबड. बाटली खोटं बोलती व्हय? सवयीनं हात गेला असंल तर?"

"बाटली केंद्रात कुणी दिली?"

"मी," दानेश्वरी म्हणाली. "दिवसकार्य झाल्यावर. काउंटरवर ठेवली. तिथं कोण नव्हतं."

"बसाप्पांच्या पिशवीत काय होतं?"

"छत्री, टॉवेल, उपम्याचा डबा. आंबला होता, म्हशीला घातला."

माईंनी हलक्या आवाजात विचारलं, "त्यांना आंघोळ कुणी घातली?"

"मीच," हिराबाई म्हणाल्या. "आमच्यात बसवून पुरत्यात. मी धुतलं, दोन्ही दंडांना, कोपरांना विभूती वढली. उजव्या कोपरात सुईचा निळा डाग व्हता. तेवढाच. त्याच्यावरनं बोट फिरवताना मला वाटलं, दुखंल."

त्र्यंबकांनी ते वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. मृत देहालाही दुखू नये म्हणून हलका झालेला तो हात. त्या हातालाच आता खुनी म्हणत होते.

"बुधवारी केंद्राची एथिक्स कमिटी बसणार हाय," दानेश्वरी म्हणाली. "अत्तींची चूक म्हणून कागद व्हणार."

*

कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश गणपतराव इंगवले यांनी फाइल पाहण्याची परवानगी दिली. सोमवारी सकाळी माई आणि त्र्यंबक 'आरोहण'च्या पांढऱ्याशुभ्र, फिनेलच्या वासाच्या जिन्यावरून वर गेले.

प्रमुख संशोधक डॉ. दत्तप्रसाद नेर्लेकर उंच, नीटस, आणि दमलेल्या माणसाच्या सौजन्याने बोलणारे होते.

"दुर्दैवी घटना. पण माणसं सूचना पाळत नाहीत, माई. घरी गोळी घेऊन यायचं नाही, हे शंभरदा सांगतो. म्हातारीनं दिली असणार. बाटलीत अकरा हव्या होत्या, निघाल्या दहा."

"सोमवारी तुम्ही बसाप्पांना पाहिलं?"

"समोरच होतो. गोळी माझ्यासमोर गिळली, उपमा खाल्ला, दोन तासांनी डाव्या हातातून दुसरं रक्त दिलं आणि गेला. त्या रक्तात साखर उत्तम होती. दुसरी गोळी नंतर अंगावर आली असणार. आम्ही काय करणार?"

"तपासणी कशी झाली?"

"चांगली." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आधी दोन नमुने चुकल्याची नोंद आमच्यावर होती. तिसरी झाली असती तर चाचणी दुसऱ्या शहरात गेली असती. इथल्या दोनशे रुग्णांचं नुकसान. लोकांना हे दिसत नाही."

समन्वयक भैरवी सांगवडेकर तिशीची होती. रुग्णांची नावं पुकारणं, त्यांना बाकावर बसवून ठेवणं, गोळ्या मोजणं, तक्ते भरणं, ही तिची कामं. ती प्रत्येक उत्तराआधी ओठ चावत होती.

"त्या सोमवारी तुम्ही होता?"

"होते. तक्त्यावर सही आहे ना माझी."

"बाटली कुणी मोजली?"

"मीच. गेल्या मंगळवारी काउंटरवर सापडली. दहा होत्या." तिनं मान खाली घातली. "मी तेच लिहिलं."

तंत्रज्ञ संगमेश निपाणीकडचा. कपाळावर विभूतीची तीन बोटं, बोलणं मोकळं. शिपायानं चहा आणला तेव्हा त्यानं कप सरकवला.

"तुम्ही घ्या, ताई. आज सोमवार हाय."

"कडक आहे हो उपास," माई म्हणाल्या.

"आमच्या आईचा धाक. घरात न्हाय पाळला तर ती वरनं बघती म्हणती."

"त्या सोमवारी काय झालं?"

"वेड लागायची पाळी, दुसरं काय. नावं पुकारणं, रक्त काढणं, सगळं माझ्याच गळ्यात. पहिली रक्तं घेतली आणि नऊला नमुन्यांची पेटी कुरिअरला द्यायला गेलतो. आलो तर अकरा. दुसऱ्या रक्ताच्या नळ्या लेबलं लावून स्टँडमध्ये तयार होत्या. मी मशीनला लावल्या."

"कुणी काढलं ते रक्त?"

संगमेशनं खिडकीबाहेर पाहिलं. "तक्त्यावर सही हाय की. ज्यांची हाय त्यांना विचारा."

दुपारभर त्र्यंबक फाइल उतरवत बसले. बसाप्पांचा क्रमांक सतरा. दहा महिन्यांत दर भेटीला परत आलेल्या जादा गोळ्या: चार, चार, चार, चार. त्या एकसुरीपणात त्यांना एखाद्या दूरच्या देवळातल्या घंटेचा भास झाला. मग सोमवारचा तक्ता. नाश्ता: खाल्ला. दुसरं रक्त: साखर एकशे त्रेपन्न, चरबी दोनशे अकरा. खाली अठरा क्रमांकाचा रुग्ण: एकशे त्रेपन्न, दोनशे अकरा.

"एकच ओळ दोनदा उतरवली की काय मी," ते पुटपुटले. मूळ कागदाशी ताडून पाहिलं. बरोबर होती.

बाहेर पडताना त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. "भैरवी. सही तिची, बाटली तिनं मोजली, आणि डोळे वर करत नाही."

"मास्तर," माई म्हणाल्या, "तुम्ही नेहमी दुःख बघता आणि त्याला अपराध म्हणता."

*

बुधवारी कमिटीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला गणपतराव, दुसऱ्या टोकाला हिराबाई आणि दानेश्वरी बसल्या होत्या. मध्ये डॉक्टर, भैरवी, संगमेश. पंखा फिरत होता, तरी हवा जागची हलत नव्हती.

"बाटलीपासून सुरू करू," माई म्हणाल्या. "पस्तीस गोळ्या, चोवीस दिवस. रोज एक घेतली तर उरायला हव्यात अकरा. निघाल्या दहा. म्हणून एक जादा घेतली, असा आरोप. पण बसाप्पांनी रोज एक कधी घेतलीच नाही. दहा महिने अठ्ठावीस दिवसांमागे चार गोळ्या जादा परत आल्या. अठ्ठावीस दिवसांत सोमवार किती?"

"चार," गणपतराव म्हणाले.

"या चोवीस दिवसांत तीन सोमवार येऊन गेले होते. म्हणजे बाटलीत चौदा हव्या होत्या. चार कुणीतरी काढून घेतल्या. चौथ्या सोमवारी हिराबाईंनी गोळी दिली, असं दिसावं म्हणून."

हिराबाईंनी पदर घट्ट धरला.

"आता दुसरं रक्त. डॉक्टर म्हणतात, डाव्या हातातून घेतलं. बसाप्पांना ज्यांनी धुतलं, दोन्ही कोपरांना विभूती ओढली, त्यांना सुईचा एकच डाग दिसला, उजवीकडे. पहिल्या रक्ताचा. तक्ता म्हणतो, नाश्ता खाल्ला. डबा पिशवीत आंबला. सोमवारी पाण्याखेरीज काही न घेणारा माणूस उपमा खाईल कसा? म्हणजे दुसरं रक्त त्यांचं नव्हतंच. मास्तर, सतरा आणि अठरा."

त्र्यंबकांनी वाचलं. वाचतानाच त्यांना कळलं की आपण मूळ कागद ताडून पाहिला, अर्थ मात्र ताडला नाही.

"एका माणसाचं रक्त दोन नळ्यांत," माई म्हणाल्या. "कुणी भरलं? पहिला संशय तुमच्यावर येतो, भैरवी. सही तुमची आहे."

भैरवीनं ओठ चावला.

"पण तुम्ही त्या दिवशी इथं नव्हता. संगमेश सांगून गेले, नावंही त्यांनाच पुकारावी लागली. आणि तुम्ही असता तर बसाप्पांना गोळी घेऊच दिली नसती. उपाशीपोटी गोळी नको, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"गारगोटीला होते," भैरवी एकदम म्हणाली. "बहिणीचा साखरपुडा. मंगळवारी आले तेव्हा तक्ता भरलेला होता. सही कर म्हणाले. केली. नोकरी..."

"संगमेश बाहेर होते, कुरिअरची पावती आहे. पण पावतीपेक्षा मोठा पुरावा मला दुसरा वाटतो." माईंनी पावती बाजूला सारली. "हे कुभांड ज्यानं रचलं त्यानं घरच्या जादा गोळीसाठी सोमवार निवडला. भैरवीला ठाऊक होतं की त्या घरात सोमवारी गोळी देत नाहीत. संगमेश स्वतः सोमवार पाळतात. म्हातारा उपमा खाऊन गेला, असं त्यांनी स्वप्नातही लिहिलं नसतं. ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असा एकच माणूस या इमारतीत आहे. गुन्हेगार त्याच्या अज्ञानावरून ओळखू आला."

माईंनी फाइलचं पहिलं पान गणपतरावांपुढे ठेवलं. भैरवीच्या बारीक अक्षरात ओळ होती: 'सोमवारी निराहार, गोळी नाही.' खाली झोकदार सही. नेर्लेकर.

"रोज पन्नास कागद येतात," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अजून सभ्य होता. "प्रत्येक ओळ कोण वाचतं?"

"त्या सोमवारी साडेदहाला काय झालं?"

डॉक्टर बोलले ते एखादा अहवाल वाचल्यासारखे. "बाकडं रिकामं होतं. तो उठून गेला होता. भैरवी असती तर बसवून ठेवलं असतं. दुसरा नमुना नाही म्हणजे तिसरी चूक. मी अठराचं रक्त जास्त काढलं होतं."

"घरी फोन करता आला असता."

"हो."

"रिकाम्या पोटी त्या गोळीनं त्यांची साखर उतरत होती. गूळ चारा, साखर चारा, एवढंच सांगायचं होतं. गाडी मुरगूडला पोचायला अजून अडीच तास होते. तुम्ही ते रक्त खरंच शोधायला निघाला असता, तर तो माणूस आज जिवंत असता. रिकामा रकाना तुम्हाला सहन झाला नाही."

गणपतरावांनी चष्मा काढला. "हे पोलिसांकडे जाईल, डॉक्टर. आणि चाचणी या क्षणी बंद." मग हिराबाईंकडे वळून ते हळू म्हणाले, "बाई, तुमच्याकडून काहीही चूक झालेली नाही. तसा कागद आज होईल."

दानेश्वरी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. हिराबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. संगमेश अर्धवट उठला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"डाक्टर, तुमी गोळी दिली तवा मालक काय बोलले?"

"आठवत नाही."

"आठवा की."

डॉक्टरांनी टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "काहीतरी म्हणाले. मी फोनवर होतो. मी हात केला, घ्या घ्या म्हणून. पुन्हा काहीतरी म्हणाले. मी पाण्याचा पेला पुढे केला."

"दोनदा बोलले."

"हो. दोनदा."

हिराबाईंनी मान डोलावली. त्र्यंबकांना वाटलं, आता शिव्या येतील, शाप येतील. पण त्या माईंकडे वळल्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा ढिला पडला.

"मला वाटलं, ह्या मोठ्या लोकांपुढं भिऊन गप बसले आसतील. तर ते बोलले व्हते, ताई." त्या सुनेच्या शेजारी जाऊन बसल्या. "दोनदा बोलले. मास्तर, तेवढं लिवून घ्या."