नऊ टाक्यांची खूण

बुधवारी सकाळी आमोसने दुकानाची फळी उघडलीच नाही. कोल्हारच्या स्टँडमागे त्याचं सायकलीचं छोटंसं दुकान होतं. त्याने स्वतःच्या सायकलीत हवा भरली, ब्रेकचे रबर दोनदा दाबून पाहिले, पिशवीत पंक्चरचं सामान टाकलं आणि तो भावाच्या घराकडे वळला.

रोझीवहिनी दारातच उभी होती. तिने भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून ठेवली होती.

"भावजी, रंगनाथ येतो म्हनला का?" तिने विचारलं.

"व्हय. सातला पुलापाशी थांबनार हाय."

रोझीने फडकं त्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "काय असंल ते खरं सांगा. मला बरं वाटंल असं सांगू नका. रविवारी पास्टरसाहेब इचारनार हायेत. माझे बाबा मला पुनतांब्याला न्यायचं म्हनत्यात. तिथं त्यांनी माझ्या दुसऱ्या लग्नासाठी जागा बघितली हाय. मी इधवा का कुनाची बायको, तेवढं कळू द्या."

आमोसने मान हलवली. त्याला वहिनीसमोर कधी फार बोलता येत नसे.

एक वर्षापूर्वी, बहात्तर साली, त्याचा थोरला भाऊ फिलिप याच दारातून सायकलीवर गेला होता. बरोबर रंगनाथ होता. रंगनाथला एकच वेड. सायकलीने कुठून कुठे जाता येतं, कुठे चढ, कुठे उतार, कुठे प्यायला पाणी, सगळं तो एका वहीत लिहून ठेवायचा. कोल्हारहून संगमनेर, अकोले, राजूर, पुढे डोंगर उतरून कोकणात आणि तिथून काळ्या कातळाच्या किनाऱ्यापर्यंत. तो सगळा रस्ता त्याला वहीत उतरवायचा होता. फिलिपला वहीशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त समुद्र बघायचा होता.

पाचव्या दिवशी रंगनाथ एकटाच परत आला.

त्याने जे सांगितलं ते वर्षभर एका शब्दानेही बदललं नाही. "घाटाच्या माथ्यावर फिलिपच्या सायकलीला उतारासाठी मी माझ्या हातानं फांदी बांधली. तो पुढं निघाला. धुकं होतं. मी खाली पोचलो तर तो खाली नव्हता." लोकांनी तीन दिवस दरी धुंडाळली. माणूस नाही, सायकल नाही, टोपीसुद्धा नाही.

आमोसला खटकायचं ते हेच. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतो, काही विसरतो, काही नव्याने आठवतो. रंगनाथचं मात्र पाठ केल्यासारखं होतं. म्हणून तो एकदा रंगनाथला म्हणाला, "दादा, मला त्याच रस्त्यानं न्या." रंगनाथने बराच वेळ वहीची पानं चाळली. नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी ते अकोल्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी राजूर मागे टाकलं. आमोस मुद्दामच मागे राहून चालवत होता. रंगनाथ प्रत्येक मैलाच्या दगडाशी थांबे, वहीत काहीतरी लिही आणि मोठ्याने सांगे, "हितनं चढ लागंल. हितली विहीर गोड्या पान्याची हाय." बोलायचा भरपूर, पण दोन दिवसांत त्याच्या तोंडून फिलिपचं नाव एकदाही निघालं नाही. आणखी एक गोष्ट आमोसच्या नजरेतून सुटली नाही. रंगनाथच्या सायकलीला ब्रेकचे चारही रबर नवे कोरे होते. कोल्हारात सायकलीचं दुकान आमोसचं एकट्याचं. हे रबर त्याच्याकडून घेतलेले नव्हते.

"नवं बसवलं वाटतं?" त्याने विचारलं.

"नगरला गेल्तो तवा." रंगनाथने मागे न बघता सांगितलं.

दुपारी तीनच्या सुमाराला ते माथ्यावर आले. जुन्या एका दुष्काळाच्या कामावर लोकांनी पहारीने खोदलेला, मग तसाच सोडून दिलेला तो कच्चा घाटरस्ता होता. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसतं धुकं. खालून ओल्या पाल्याचा, कुजट असा वास येत होता. आभाळ मोकळं असलं तर इथून समुद्राची रेघ दिसते, असं रंगनाथ म्हणाला. आज दहा पावलांपुढचं झाडही दिसत नव्हतं.

अशा उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवून कुणी उतरत नाही. राजूरकडचे दूधवाले जांभळीची चांगली भरगच्च पानांची फांदी तोडतात आणि कॅरिअरला दोरीने बांधून मागे फरफटत नेतात. तिच्या ओढीने सायकल आवरते. दोघांनी फांद्या तोडल्या. रंगनाथ आपली बांधून आमोसकडे आला.

"आन, बांधून देतो."

"नको," आमोस म्हणाला. "माझी मी बांधतो."

रंगनाथने हात मागे घेतला. आमोस दोरी आवळायला खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला.

समोरच्या तांबड्या ओल्या मातीत चाकाची रेघ उमटली होती. त्यांच्या सायकली अजून तिथवर गेलेल्याही नव्हत्या. आणि त्या रेघेत, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, टाक्यांची एक ओळ होती. एकापुढे एक नऊ टाके, आणि शेवटी फुली.

टायर फाटला की आमोस आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, घालायचा आणि बाहेरून मेण लावलेल्या दोऱ्याने दाभणाने शिवायचा. शेवटचा टाका फुलीचा. तशी फुली घालायची सवय त्याच्या एकट्याची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी फिलिपचा मागचा टायर त्यानेच शिवला होता. नऊ टाके. फिलिप शेजारी बसून मोजत होता आणि म्हणत होता, "दहावा घाल की रं चिकट्या."

आमोसने खुणेवर बोट ठेवलं. कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. खळग्यात पाणीही साचलं नव्हतं. घटकाभरापूर्वीची असावी, एवढी ताजी.

त्याच्या अंगावर काटा आला. पण सायकल दुरुस्त करणाऱ्याची नजर तशाही वेळी आपलं काम करत होती. त्याने मागे वळून बघितलं. रंगनाथने फांदी बांधून सायकल चार पावलं पुढे घेतली होती. तिच्यामागे मातीत खराटा फिरवल्यासारखे नुसते ओरखडे होते. चाकाची खूण फांदीने पुसून टाकली होती.

"दादा," आमोस सावकाश म्हणाला, "मागं फांदी असली तर चाकाची खूण राहत न्हाई."

"मंग?"

"ही बघा. ही त्याची हाय. आन ही राहिली हाय."

रंगनाथने खाली बघितलं. त्याला टाके ओळखायची गरज पडली नाही.

"मी बांधली हे खरंच हाय, आमोस..." तो म्हणाला. "बांधली, आन मंग सोडली. माझ्या ब्रेकचं रबर झिजून गेल्तं. माझी दोरी तुटली हुती. तो कड्याशी उभा राहून समुद्र दिसतो का बघत हुता. मी त्याची फांदी सोडून माझ्या सायकलीला लावली. वाटलं, बघंल, शिव्या देईल, हसू. चेष्टाच म्हन... आन भ्यालोबी हुतो. तो मागं न बघताच बसला. मी हाक मारनार हुतो..."

"मारली का?"

रंगनाथ आपल्या कॅरिअरच्या दोरीची गाठ चाचपू लागला.

"ती फांदी कुठं हाय?"

"खाली ओढ्यात टाकली. दोरीसकट."

आमोसने आपली दोरी आवळली. मग म्हणाला, "तुमी पुढं व्हा."

उतार सुरू झाला. पन्नास पावलांवर रंगनाथ धुक्यात विरून गेला. त्याच्या फांदीचा आवाज तेवढा येत राहिला. खर्र... खर्र... त्यामागे आमोसच्या फांदीचा. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर आमोसच्या ध्यानात आलं, की आवाज तीन आहेत.

तिसरा आवाज कोरडा होता. वाळलेला पाला फरफटावा तसा. तो अगदी जवळून येत होता. आमोसने मागे बघितलं नाही. त्याने हँडल घट्ट धरलं आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली. थोड्या वेळाने पुढचा आवाज एकाएकी थांबला. रंगनाथचा. मग चप्पल घासल्याचा आवाज, एक अर्धवट ओरडणं, आणि पुन्हा काही नाही. आमोसची सायकल मात्र जड झाली होती. एवढ्या उतारावरही ती बैलगाडीसारखी संथ उतरत होती. ब्रेक दाबायचीही गरज पडत नव्हती.

खाली ओढ्यापाशी धुकं संपलं. रंगनाथ एका दगडाला धरून बसला होता. ब्रेकचे नवे रबर झिजून गेले होते, चपलांचे तळ निघाले होते, टाचा रक्ताळल्या होत्या. त्याच्या कॅरिअरला फांदी नव्हती. दोरी तेवढी लोंबत होती, तुटलेली नाही, गाठ सोडलेली.

"तू सोडलीस का?" तो कुजबुजला. "आमोस, खरं सांग... तूच ना?"

"मी पन्नास पावलं मागं हुतो."

रंगनाथची नजर आमोसच्या सायकलीच्या मागे गेली आणि तिथेच थिजली. आमोस उतरला, तेव्हा त्यालाही दिसलं. मागे दोन फांद्या होत्या. एक त्याने बांधलेली, हिरवी. दुसरी वर्षभराची वाळलेली, पानं तांब्यासारखी झालेली. ती दोरीने बांधलेली नव्हती. लुगड्याच्या हिरव्या काठाची पट्टी होती ती.

समुद्र तिथून दोन दिवसांवर होता. दोघांपैकी कुणी त्याचं नाव काढलं नाही. रंगनाथने वही ओढ्याच्या पाण्यात सोडून दिली.

शनिवारी सकाळी आमोस एसटीने परतला. सायकल टपावर होती. तो तडक वहिनीकडे गेला. अंगणातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही, आणि पिशवीतून ती पट्टी काढून तिच्या हातात दिली.

रोझीने पट्टी उलटीपालटी करून बघितली. ती रडली नाही.

"माझ्याच लुगड्याचा काठ. ते निघाले त्या सकाळी डोक्याला बांधायला मीच फाडून दिल्ता," ती म्हणाली. मग तिने बोटाने खाली दाखवलं. "भावजी, हे तुमच्या हातचं हाय का बघा."

अंगणातल्या धुळीत चाकाची रेघ होती. नऊ टाके आणि फुली.

"वरीस झालं," रोझी म्हणाली. "रोज सकाळी झाडायला उठते तवा फाटकापातुर आलेली असती. तिथनंच माघारी फिरायची. कुनाला सांगू? येडी म्हनतील. आज पैल्यांदा आत आली."

आमोसने रेघेवरून नजर नेली. ती फाटकातून आली होती, ओसरीच्या सावलीतून उंबऱ्यापर्यंत गेली होती. परत गेल्याची खूण कुठेच नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "मंग आता पास्टरसाहेबांना काय..."

रोझीने मागे हात करून दार हलकेच ओढून घेतलं.

"भावजी," ती म्हणाली, "हळू बोला."