सात नंबर वाट सोडत नाही

निळी गाडी आरशात दिसली तेव्हा जयवंता वळणावर होती. तिचे पुढचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले... जयवंतानं आपली गाडी तसूभर हलवली नाही.

कानातल्या रेडिओवर बाबा म्हणाले, "लय घाई दिसते त्याले."

"मंग जाऊ द्या ना बाजूनं. रस्ता का कमी हाय?"

अकोल्याबाहेरच्या ट्रॅकवर तो सरावाचा दिवस होता. अकरा दिवसांनी सहा तासांची शर्यत. वाऱ्यासारख्या पळणाऱ्या महागड्या गाड्या आणि तिच्या बाबांनी, शेषरावांनी, अमरावतीच्या आपल्या गॅरेजात जुन्या हॅचबॅकमधून उभी केलेली ही सात नंबर, सगळ्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर धावणार. निकाल तेवढा आपापल्या गटाचा वेगळा. त्यासाठी नियम एकच : हळू गाडीनं आपली वाट सोडायची नाही. पुढं जायचं कसं, ते मागच्यानं बघायचं.

दुपारी निळ्या गाडीवाला भांडायलाच आला.

"सात नंबर कोण चालवून राह्यलं होतं? चार चकरा झाल्या, दिवे मारून राह्यलो मी!"

जयवंतानं हेल्मेट काढलं. घामानं चिकटलेले केस मागं सारले. "मी. काहून? दिवाळी होती का तुमची?"

तो गडबडला. "नाई, म्हणजे... जराशा सरकल्या असत्या तं—"

"मी सरकली असती अन् तुमीबी तिकडंच वळले असते, तं आता भांडाले कोण आलं असतं?"

तो बघतच राहिला. मग हसला... आणि ते हसू काही केल्या त्याला आवरेना. कुंदन त्याचं नाव, वरूडच्या संत्राबागेतला. तासाभरानं ती गाडीकडं परतली, तर बॉनेटवर दोन संत्री ठेवलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. शेषरावांनी एक सोललं आणि मुलीकडं न बघता खाल्लं.

सरावाच्या शेवटच्या चकरेत ते रेडिओवर म्हणाले, "इंजिन तापलं तं हिटर पुरा खोलजो, जयू. त्याची गरमी जराशी आपण घ्यायची." मग थोडं थांबून, "अन्... तो संत्रेवाला आवडते का तुले?"

तिचे कान तापले. "आवाज कटून राह्यला, बाबा. आयकू नाई येत."

बाबा हसले. ते हसणं अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, शेषराव गेले.

शर्यतीच्या सकाळी खुशालरावकाका दारात आडवे उभे राहिले. "परवा बापाची तेरवी अन् पोट्टी गाडी उडवाले चालली! लोक काय म्हणतीन?"

"तेरवी परवा हाय ना, काका? परवा मी घरीच हाय. आज बाबाची गाडी चालली. सरका."

काका सरकले नाहीत. तिनं बाजूनं वाट काढली.

पहिले तीन तास गॅरेजातल्या श्यामनं गाडी चालवली, मग ती बसली. पिटात, गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागेत, बाबांचं स्टूल रिकामंच होतं, त्यावर त्यांचा हेडफोन. "मालकाच्या जागेवर मी नाई बसत," असं म्हणून श्याम टायरांकडं वळला. तिच्या कानात नुसती शांतता.

पाचव्या तासाला ती शांतता खरखरली, कुंदनचा आवाज आला. "सात नंबर... माह्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. माणूस रिकामा हाय. ठेवता का कामावर?"

तिनं बोलायचं बटण दाबलं. "स्टुलावर बसले का तुमी?"

"नाई. उभा हाय. जागा त्यांची हाय."

तिनं गिअर टाकला आणि पुढचं वळण घेतलं.

अर्धा तास उरला आणि इंजिनाचा काटा लाल पट्ट्यात गेला. शेवटचा झेंडा पडताना जी गाडी स्वतःच्या दमावर रेषा ओलांडते, तीच निकालात धरतात. नाहीतर बाबांची गाडी धावलीच नव्हती, असं होणार.

"पिटात या, जयवंता. इंजिन जाईन."

"आता थांबली तं पुन्हा सुरू नाई होणार ते."

"मंग?"

तिनं हिटर पूर्ण खोलला. बाहेर मार्चचं वऱ्हाडी ऊन आणि आत भट्टीचा वारा! पायांची आग, ओठ सुकलेले. काटा थबकला. मग केसाएवढा खाली आला. मागून एका पांढऱ्या गाडीनं दिवे मारले, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा जयवंता हसली.

"मार, मार दिवे," ती पुटपुटली. "इथून हालत नसते मी."

झेंडा पडला. बारा गाड्यांच्या गटात सात नंबर नववी आली. पिटाच्या भिंतीवर श्याम नाचत होता. स्टुलाशेजारी, कानाला हेडफोन लावून, दीड तास उभा असलेला एक माणूस तसाच उभा होता.

गाडी थंड करायची शेवटची चक्कर. ऐकायला त्या टोकाला कोण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं बटण दाबलं.

"बाबा... त्या दिवशी आवाज नवता कटून राह्यला. सारं आयकू येत होतं मले." तिनं बटण सोडलं नाही. "आवडते. लय आवडते मले तो."