उपटणारीची पऱ्हाटी

वर्षालीचा राग वलगावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिच्यासमोर भाजीवाला तराजूला बोट लावायचा नाही, आणि तिच्याशी भांडायला आपण होऊन कोणी जायचं नाही. म्हणून फाल्गुनातल्या त्या दुपारी आपल्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक परका माणूस कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा शेवटचा भारा लोखंडी भट्टीत घालताना दिसला, तेव्हा पुढे जे झालं त्यात नवल काहीच नव्हतं. स्कूटी तिने तशीच आडवी टाकली.

"कोणाले विचारून हात लावला याले?"

तो वळला. तोंड काजळीने काळं, त्यात फक्त दात पांढरे, आणि पापण्या... कशाला हव्यात पुरुषाला इतक्या लांब पापण्या, असं तिच्या मनात आलं नि तिला आणखीच संताप आला. त्याने निवांत खिशातून मोबाईल काढून केशवरावांची, म्हणजे तिच्या बापाची, सही दाखवली.

"ऊन लय हाय. आधी पाणी प्या, ताई."

"ताई म्हणू नका मले."

"बरं... मंग काय म्हणू?"

एवढं बोलून तो हसला. त्या काळ्या तोंडाने हसला, मेला! वर्षालीने पाण्याची बाटली त्याच्या हातून घेतली आणि त्याच्यासमोर मातीत ओतली.

त्याचं नाव पियुष. अकोल्याच्या जुन्या शहरातला, एका कंपनीचा गावोगाव फिरणारा माणूस. कपाशी निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या भट्टीत कमी हवेवर जाळायच्या, म्हणजे राख न होता कोळसा होतो. तो जमिनीत घातला की त्यातला कार्बन शेकडो वर्षं हवेत परत जात नाही, आणि लांब कुठला तरी कारखाना आपल्या धुराच्या बदल्यात तेवढ्या कार्बनचं प्रमाणपत्र विकत घेतो. हे सगळं तो इतक्या मनापासून सांगत होता की दुसरी कोणी असती तर ऐकत राहिली असती. वर्षाली ऐकत नव्हती. ती रिकामा धुरा पाहत होती.

तिच्या गावात रीतच होती तशी. वेचणी संपली की बाया लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा घेऊन पऱ्हाटी उपटतात, मजुरी घेत नाहीत, आणि जी उपटेल तिची ती पऱ्हाटी होते. वर्षभराची चूल त्यावर चालते. यंदा वर्षालीच्या वावरातली अकरा बायांनी सहा दिवस उन्हात उपटली होती. बैलगाडी मिळेपर्यंत राहू द्या धुऱ्यावर, माझ्या जबाबदारीवर, असं वर्षालीनेच त्यांना सांगितलं होतं. बापाने सरकारी योजना समजून न वाचता सही ठोकली, आणि तिचा शब्द भट्टीत गेला.

"ही पऱ्हाटी आमची नाईच," ती म्हणाली. "उपटणाऱ्या बायांची हाय."

पियुष गोंधळला. फॉर्मात जमीनमालकाच्याच सहीची जागा आहे, असं तो म्हणाला. तिने मोबाईल हिसकावून फॉर्म वाचला. त्यात लिहिलं होतं : पिकाचा कचरा, एरवी शेतातच जाळला जातो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कचरा काय? मग चला, असं म्हणून ती त्याला थेट वच्छलामावशीच्या घरी घेऊन गेली. त्या अकराजणींत सगळ्यांत म्हातारी मावशी. सिलिंडर होता तिच्याकडे, पण तो पाहुणे आले की पेटायचा. झाला प्रकार ऐकून मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पियुषला पाटावर बसवलं, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला, आणि साध्या आवाजात म्हणाली, "नाल्यावरची बाभूळ तोडीन, बाप्पा. दुसरं काय करू?"

पियुषचा घास हातातच राहिला. कोळसा जमिनीत पुरून आपण कार्बन वाचवला म्हणायचा, आणि त्याच्यापायी हिरवी बाभूळ तुटायची. त्याचा सगळा हिशेबच फसला होता, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. वर्षालीला ते दिसलं. तिला बरं वाटलं नाही, याचाही तिला राग आला.

पुढचे आठ दिवस तो रोज गावात यायचा. कोणत्या घरी कोणतं जळण, गॅस किती महिने पुरतो, ते विचारून लिहून घ्यायचा. वर्षाली रोज काहीतरी काढून त्याच्याशी भांडायची. एक दिवस भांडायला काहीच सापडेना, तर त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण पाहून ती चिडली. माणसाने जरा नीट राहावं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो बटण लावून आला, उलट्या बाजूने. ती हसू दाबत तिथून निघून गेली, आणि तो वळणापर्यंत तिच्याकडे पाहत राहिला. तिला ते न वळताही कळलं.

मग पुण्याहून तपासणीचे साहेब आले. ग्रामपंचायतीत सगळे जमले. फॉर्म मंजूर झाले की शेतकऱ्यांना मोबदला आणि गावातल्या पऱ्हाटीच्या उरलेल्या सगळ्या गंज्या भट्टीत, असा मामला होता. पियुष नोकरी वाचवणार, खोटं बोलणार, हे वर्षालीने मनात पक्कं धरलं होतं. चार शिव्यासुद्धा तयार ठेवल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, ही पऱ्हाटी शेतात जळाली असती ना? पियुष उभा राहिला.

"नाही साहेब. ती चुलीत जळाली असती. मी फॉर्मात लिहिलं ते खोटं आहे... न विचारता लिहिलं."

फॉर्म रद्द झाले. गावातल्या बाकीच्या गंज्या बायांच्या बायांना राहिल्या. केशवराव चार दिवस लेकीशी बोलले नाहीत. पियुषची नोकरी त्याच दिवशी गेली आणि संध्याकाळच्या आत तोही गेला. वर्षालीला न सांगता! शिव्या तशाच राहिल्या, आणि त्यांच्या जागी काय बोलायचं होतं तेही राहिलं.

चौदा दिवस त्याने फोन उचलला नाही. ती गंज-भांडी अशी घासायची की वच्छलामावशी एकदा म्हणाली, अवं, त्या गंजानं तुयं काय केलं? पंधराव्या दिवशी ती अमरावतीहून अकोल्याच्या बसमध्ये बसली. मोर्णा नदी ओलांडली, जुन्या शहरातलं त्याचं घर विचारत विचारत शोधलं. तो मामाच्या वावरात आहे, अमरावतीच्या रस्त्यावर बोरगाव मंजूला, असं त्याच्या आईने सांगितलं. म्हणजे बस त्याच्यासमोरून गेली होती. ती तशीच उलटी फिरली.

तो वावरातच होता. कमरेत वाकून, हातात चिमटा, तळहातांना फडकी गुंडाळलेली. धुऱ्यावरच्या बाया त्याला हसत होत्या. तो पऱ्हाटीला फार वर धरत होता, त्यामुळे ती मुळासकट न येता मधेच मोडत होती.

"फोन काहून नाई उचलला?"

तो दचकला. मग चिमटा टेकवून उभा राहिला.

"कोणत्या तोंडानं उचलू? अकरा चुली हायेत... सातच झाल्या आतापर्यंत."

मामाला विचारून घेतलं, पियुष म्हणाला. इथेही रीत तीच आहे. उपटली ती माझी झाली, म्हणून ती मला मावशीला नि बाकीच्या दहाजणींना देता येईल. त्याच्यामागे गंज्यांसाठी अकरा जागा आखलेल्या होत्या, सात भरलेल्या, चार रिकाम्या.

वर्षालीला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. ती ओरडलीच.

"एकट्यानं काहून पण? शब्द माया गेला होता, तुमचा नाई! मले सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुमी आल्या असत्या."

"मंग?"

"मंग..." त्याने लांब पापण्या खाली घातल्या. "मंग मायं कामात ध्यान नसतं लागलं. तिथं असताना तुमी रागावल्या नाई, तर दिवस गेल्यासारखा वाटेना मले. इथं तर चौदा दिवस झाले..."

धुऱ्यावरच्या बाया दोन पावलं पुढे सरकल्या. वर्षालीने ओढणी कमरेला खोचली आणि त्याच्या हातातला चिमटा ओढून घेतला. फडक्यावर रक्ताचा डाग होता. तिने तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

"मले तू आवडतो," ती चिमट्याकडे पाहत म्हणाली. "रागात सांगून राहिली, पण खोटं नाई सांगत. आता हे असं बुडाशी धरायचं, पाय रोवायचा, मागं ओढायचं. चार चुलींची राहिली नं?"

पियुष नुसता हसायला लागला.

"हासू नको. दुसरा चिमटा घे, ओळ धर."

त्याने ओळ धरली.