आईला जमेल असं काहीतरी

"माझ्याच घरात मी पडद्यावरच्या ह्या बाणाच्या मागे धावायचं? थांब म्हटलं तरी थांबत नाही मेला."

आईचं पुटपुटणं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं आणि पाठोपाठ तिच्या शेजारी बसलेल्या त्याचं हसू. मी चहाचे कप घेऊन दारातच थबकले. असं मोकळं हसू माझ्या वाट्याला अजून एकदाही आलं नव्हतं…

तो कॉम्प्युटरच्या दुकानातला. वयस्कर गिऱ्हाइकांसाठी मशीन निवडायची त्याची एक तऱ्हा होती. मशीन आठवडाभर घरी ठेवून जायचं. मग येऊन शेजारी बसायचं, स्वतःचे हात मांडीखाली दाबून. काही झालं तरी मध्ये हात घालायचा नाही. माणूस जिथे अडेल तिथे चूक मशीनची, असं त्याचं म्हणणं. आई त्याला मास्तर म्हणायची.

खरं तर आईला मीच शिकवणार होते. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसण्याशिवाय मी दुसरं करते काय? पण शिकवायला बसले की आमचं वाजायचं आणि रात्री दोघी मुक्यानं जेवायचो. शेवटी त्याला बोलावलं, ते मीच. आपल्या हातानं.

पहिलं मशीन सारखं काहीतरी विचारायचं. आई म्हणाली, असं पावलोपावली विचारणारं माणूससुद्धा मी घरात ठेवणार नाही. दुसऱ्याचा बाण नुसत्या बोटानं हलवायचा होता, पण आयुष्यभर शिवणकाम केलेली आईची बोटं सुईनं घट्टे पडलेली. बोटाखालच्या गुळगुळीत पट्टीला ती नीट कळेचनात. तेव्हा मात्र मास्तरांचे हात मांडीखालून निघाले. त्यानं आईचं बोट हातात घेतलं, अगदी अलगद, आणि पाण्याच्या थेंबानं ओलं करून दिलं.

माझी दहाच्या दहा बोटं मऊ होती. त्यांचं कोणाला काही नव्हतं.

मी कप जरा आपटूनच ठेवले. त्यानं वर पाहिलं.

"तुम्हीही बसा ना शिकायला."

"मला येतं."

"तेच तर वाईट आहे," तो म्हणाला — आणि कान लाल करून चहात बघत बसला.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा माणसानं? पण मी आत वळले की त्या दोघांची कुजबुज सुरू, आणि बाहेर आले की दोघं चिडीचूप. सख्ख्या आईचा हेवा करावा लागावा, ही काय पाळी! त्यात महिनाअखेर तो दूरच्या शहरातल्या नव्या शाखेत जाणार होता. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही तिघंही त्या विषयाला वळसा घालून जायचो.

तिसरं मशीन आलं. आई शेजाऱ्यांकडे गेलेली बघून मी त्या मशीनसमोर बसले. अक्षरं मोठी केली, नको ती चित्रं काढून टाकली. उरली फक्त चार, बशीएवढी; त्यातलं एक माझ्या फोटोचं, दाबलं की मला फोन लागणारं. घ्या म्हटलं, आता शिकवायला काही उरलंच नाही. संपली कुजबुज. जळणाऱ्या माणसाचं डोकं फार झपाट्यानं चालतं, आणि एकाच दिशेनं.

तो आला. आईनं सगळं भराभरा करून दाखवलं.

"हे कोणी लावलं?" त्यानं विचारलं.

"मी."

"छान लावलंय." आवाज अगदी पडलेला. "मग… काकूंना हेच मशीन द्या. मी आता नाही आलो तरी चालेल."

"चालेल," मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. कुजबुज बंद करायच्या नादात मी त्याचं येणंच बंद केलं होतं.

त्यानं चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. एवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. उचलला, तर त्यात आई. समोरच्या खुर्चीत बसून, पडद्यावर नाक टेकवून मला शोधणारी.

"दिसतेयस," ती पडद्यातल्या मला म्हणाली. "आता मध्ये बोलू नकोस. तोंडावर बोलायला गेले की रडू येतं मला. ह्या मास्तरांना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, आवडते का हो माझी मुलगी? हो म्हणाले. पण ती तुम्हाला सोडून यायची नाही, म्हणून विचारणार नाही, म्हणाले. मीही गप्प बसले. तुला नेतील म्हणून ह्यांचा हेवा वाटायचा मला."

"काकू…" तो दारातून म्हणाला.

"तुम्ही थांबा हो." तिनं चष्म्याखालून डोळे पुसले, पण नजर पडद्यावरून हलवली नाही. "मला आता एकटीला फोन लावता येतो, पोरी. तू जा त्यांच्याबरोबर."