पोटफोड्या ष

"आवाज ऐकू आला, की बटण दाबायचं. नाही आला, तर नाही दाबायचं. कळलं ना?"

हे वाक्य हर्षाली दिवसातून पंचवीस वेळा उच्चारीत असे. गंगापूर रोडवरच्या त्या श्रवण-तपासणी केंद्रात, काचेपलीकडच्या बंद खोलीत माणसे हेडफोन लावून बसत आणि ती अलीकडून त्यांच्या कानी बारीक बारीक आवाज धाडीत असे. चांदवड सोडून नाशकात येऊन तिला तीन वर्षे झाली होती. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर परतली, की कुकरच्या शिट्टीखेरीज तिच्याशी बोलणारे कोणी नसे. लोकांना ऐकू येते की नाही, हे पाहण्यात तिचा दिवस सरे. तिचे कोणी ऐकून घ्यावे, असा योग मात्र अद्याप आला नव्हता.

त्या दिवशी आत बसलेल्या तरुणाने, तिने काहीही वाजवलेले नसताना, बटण दाबले. मग पुन्हा दाबले.

"अहो, मी आवाज सोडलाच नाही!" ती माइकमधून म्हणाली.

"सोडला की, मॅडम."

"कधी?"

"तुमचा हात हलला ना... तेव्हा."

"म्हणजे तुम्ही ऐकत नाही. बघताय!"

"दोन्ही चालू आहे."

"पाठ करून बसा."

"एवढी शिक्षा?"

"वळा म्हणते ना."

तो हसत हसत वळला. आणि मग... बटण दाबलेच गेले नाही. हर्षालीने एक चिरका आवाज पाठवला, तो वाढवला, आणखी वाढवला. समोरची रुंद पाठ निश्चल होती. तिच्यापुढच्या पडद्यावर त्याच्या ऐकण्याच्या आलेखाची रेघ उजवीकडे जाता जाता कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली.

त्याचे नाव भिकन. सटाण्याकडचा. अंबडच्या एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर कामाला होता आणि दर रविवारी 'कच्चा माल' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवीत असे. मशीन आणि ड्रम या दोघांनी मिळून त्याचे कान खाल्ले होते.

"उंच पट्टीचे, बारीक आवाज गेलेत तुमचे," तिने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. "बोलण्यातले स, श... तेही निसटत असतील."

"तरीच! मघाशी तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला हाक मारली, तर मला ऐकू आलं 'हर... आली.' मी म्हटलं, कोण आली? लय वेळ दाराकडे बघत बसलो."

"हर्षाली. आणि तो श नव्हे, पोटफोड्या ष आहे."

"फुटला म्हणा की मग."

दोघेही हसली. त्याचे हसू आधी थांबले.

"गेलेलं परत येतं का, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "उरलेलं जपता येतं."

त्याने वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाला, "आमचा पहिला अल्बम झालाय. सोमवारी नेटवर टाकणार. आवाज जुळवायचं काम मीच केलं... याच कानांनी. रविवारी ऐकायला याल का? कोणाचा तरी खरा कान पाहिजे."

बँडची तालीम चाले ते त्र्यंबक रोडवरचे गॅरेज, गाणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या सोमाच्या काकांचे होते. रविवारी तिथे मोटारी येत नसत. थंडीचे कोवळे ऊन अर्ध्या उघड्या शटरखालून आत आले होते; ऑइलचा वास दरवळत होता. बँडमधले बाकीचे कोणी दिसेनात. भिकनने गाणे लावले.

हर्षालीने दचकून कानांवर हात नेले. पत्र्यावर कोणी मूठमूठ खिळे ओतावेत, तशा ड्रमवरच्या झांजा कोसळत होत्या. त्यांच्या आड सोमाचा घसा फाटत होता, गिटार कुठल्या कुठे बुडाली होती. आणि त्या कल्लोळात तिला त्याच्या कानांचा तो आलेख दिसला. जिथे रेघ खाली गेली होती, नेमका तिथेच त्याने आवाज वर चढवला होता.

"सगळे म्हणतात, काय कच्चा आवाज आहे! तोड नाही! तुम्ही सांगा."

"खरं सांगू?"

"खोटं सांगणाऱ्या तिघांना मिसळ खायला पाठवलंय."

तिला खोटे बोलता आले असते. तसे केले असते तर तो आनंदला असता, आणि त्या कल्लोळात एकटाच राहिला असता.

"टोचतो," ती म्हणाली. "तुम्हाला झांज ऐकू येईपर्यंत तुम्ही ती वाढवत गेलात, भिकन."

तो टायरच्या चळतीवर बसला. "म्हणजे हा आमच्या बँडचा आवाज नाहीच. माझ्या दुखण्याचा आहे."

तिने स्पीकरवरचे बारीक आवाजांचे बटण फिरवून झांजा खाली आणल्या. गाणे एकदम गोड झाले. दुकानादुकानांतून वाजते, तसे. भिकनचा चेहरा मात्र खोलीतून कोणी उठून गेल्यासारखा ओस पडला.

"वाजतेय का झांज?"

"वाजतेय."

"मला नाही..."

असा चेहरा तिच्या ओळखीचा होता. खोलीवरच्या आरशात रोज संध्याकाळी ती तो पाहत असे. तिने बटण पुन्हा होते तिथे नेले. खिळे ओतले गेले, आणि त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतला.

"असू द्या असंच," ती त्या गोंगाटात ओरडून म्हणाली.

"टोचेल की लोकांना!"

"टोचू दे! एकदा तुमच्या कानांनी ऐकू दे त्यांना!"

"आणि तुम्ही?"

"मी कानात बोळे घालीन. तुम्हीही घालायचे, वाजवताना. आणि उद्या कानाच्या यंत्राचं माप द्यायला यायचं."

गाणे संपले. शांतता पसरली. तो हसू लपवत म्हणाला, "आता काय, पाठ करून बसू?"

"बसा."

तो शटरकडे तोंड करून बसला. हर्षाली त्याच्यामागे उभी राहिली. ओठांवर आलेली तीन वाक्ये तिने मनातच खोडली. 'सोबत' हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नसता, 'साथ'ही नाही. असे वाक्य हवे होते, ज्यातले एकही अक्षर वाटेत सांडणार नाही. ते अखेर सापडले, तेव्हा ते किती साधे आहे, याचे तिला नवल वाटले.

"मला... तुम्ही आवडता."

ती रुंद पाठ क्षणभर निश्चल राहिली.

मग भिकनने न वळताच हात वर केला आणि अंगठ्याने हवेतले बटण दाबले. एकदा. पुन्हा एकदा. आणि मग दाबतच राहिला.