अर्धा विडा

लग्न ठरवताना पत्रिका मागे पडून लाळ जुळवायची चाल आली, त्याला आता वीस वर्षे झाली होती. थेंबभर लाळ वंशवाचकात टाकली की तोंडातला कुठला जंतू कोणाच्या घराण्यातून आला ते यंत्र सांगे. जंतूंचीसुद्धा कुळे निघाली म्हणायची!

चिपळूणच्या द्वारकाबाई लोवलेकरांना मात्र या वयात जुळवायचे काही नव्हते. त्यांचे खालचे चार दात हलत होते.

"दुखत तर नाही गं," त्या डॉक्टर ऋजुता पेंढारकरांना म्हणाल्या.

"तेच तर फसवं असतं, आजी. दातांच्या कडेला जंतूंचा थर साचतो, त्याचं कीटण होतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, फट पडते. जंतू त्या फटीत उतरतात. मग दात धरून ठेवणारे धागे तुटतात, खालचं हाड झिजतं. बांधावरचं झाड उभं असतं, पण मुळाशी माती राहिलेली नसते."

"आणि तुझं ते हाड भरायचं नवं औषध?"

"त्यानं हाड पुन्हा भरेल. पण आधी तोंडातले सगळे जंतू धुऊन काढावे लागतील. याच आठवड्यात, नाहीतर दात गेलेच."

द्वारकाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत नवऱ्याची कवळी होती. विष्णुपंतांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

"लग्नात यांनी विडा दातांत धरला आणि मी अर्धा तोडला. बायका काय हसल्या होत्या! त्या विड्यातून यांचं जे माझ्या तोंडात आलं, तेवढं राहू दे. बाकी खुशाल धू. यांचं जिवंत असं एवढंच उरलंय."

ऋजुताने कवळीवरचे कीटण खरवडून यंत्रात घातले. उत्तर आले, ते तिने दोनदा वाचले.

"सांग की."

"दात हलवणारा जंतू तुमच्या माहेरचा आहे, आजी. त्या विड्यातून तो तुमच्याकडून त्यांच्याकडे गेला. तुमच्या शरीराने तो इतकी वर्षं सोसला, त्यांच्या नाही. त्यांच्याकडून तुमच्याकडे आलेलं काही टिकलेलं नाही."

पंचेचाळिशीत विष्णुपंतांच्या तोंडाचे बोळके झाले होते. "घासायचा आळस, दुसरं काय!" असे द्वारकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि पंत खाली मान घालून हसत. त्यांना बिचाऱ्यांना ते खरेच वाटत असे. तेच हसू आठवून द्वारकाबाईंनी कवळी उचलून डब्यात ठेवली.

"धू सगळं," त्या म्हणाल्या. "माझंच मी जपत बसले होते."

औषध लागले. महिन्याभरात दात खुंटीसारखे घट्ट झाले. तपासणीच्या दिवशी ऋजुताने आरसा पुढे धरला, पण द्वारकाबाईंनी त्यात पाहिले नाही. त्यांनी डबा उघडला आणि कवळीवरून अंगठा फिरवला.

"चुकलं हो माझं," त्या हळूच म्हणाल्या.

जंतू कोणाकडून कोणाकडे गेला हे सांगणारे यंत्र शेजारीच होते. झाले गेले विसरून जा, असे म्हणणारा माणूस तेवढा नव्हता.