धुरीतलं फणसीन

सुलभावहिनींनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला, बाळंतशोपा टाकल्या, लसणीची सालं टाकली आणि वर चिमूटभर पिवळी पूड भुरभुरली. बाळंतिणीच्या खोलीत धुराबरोबर फणसाचा गोडसर वास पसरला.

"फणसीन घातलंत?" डॉक्टर मुक्तानं दारातूनच विचारलं.

"मग! तुमचंच औषध, वन्सं. बाळाला कसली बाधा नको." वहिनींना वाटलं, नणंद खूश होईल.

मुक्ताच्या डोक्यात तिडीक गेली. तुमचंच औषध म्हणे! कुडाळच्या इस्पितळात ती फणसीन द्यायची ते शिरेतून, काटेकोर मात्रेत आणि ज्याच्या रक्तात बुरशी गेली आहे त्यालाच. फणसाच्या लाकडाचा पिवळेपणा फ्लॅवोनॉइड नावाच्या संयुगांमुळे येतो. त्यांच्या जोरावर झाड बुरशीला आणि जंतूंना अंगावर वाढू देत नाही, म्हणून तर फणसाचे पाट पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाहीत. त्यातलं एक संयुग, म्हणजे हे फणसीन, शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, आणि बाकी सगळ्या औषधांना पुरून उरलेली बुरशी त्यानं मेली. इथवर ठीक होतं. मग ते औषध बनवणाऱ्या कंपनीला अक्कल सुचली. साबण आला, अगरबत्ती आली, गणपतीच्या मखराचा रंग आला. संक्रांतीला बायका फणसीनच्या वड्या वाण म्हणून लुटायला लागल्या. नैसर्गिक आहे ना, मग झालं! नैसर्गिक तर नागाचं विषही असतं, असं मुक्ता सभांमधून घसा फोडून सांगे. लोक टाळ्या वाजवत आणि जाताना दारात फुकट मिळणारा साबण पिशवीत टाकत. असल्या लोकांपुढे बोलून घसा का बसवून घ्यायचा, असं तिला हल्ली वाटे.

"वहिनी, अर्धवट मात्रेनं बुरशी मरत नाही, निर्ढावते. डोंबलाची बाधा टळतेय!"

"तुम्हाला बाई सगळ्यातच खोट दिसते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी शेगडी पाळण्याखाली सरकवली.

पलंगावरून मुक्ताची बाळंतीण भाची शर्वाणी हळूच म्हणाली, "आत्या, हा सकाळपासून पीतच नाहीये गं."

मुक्तानं बाळाला उचललं. अंग गार होतं आणि मान नको तितकी सैल होती. तिनं बाळाला तसंच छातीशी धरलं आणि गाडीकडे धाव घेतली.

इस्पितळात बाळाच्या रक्तात बुरशी निघाली. मुक्तानं फणसीन सुरू केलं, मात्रा वाढवली, आणखी वाढवली. बुरशी वाढतच राहिली. बाळाचं रडणं आधी बारीक झालं, मग थांबलं; श्वास तेवढा चालू होता.

ही आली कुठून ते शोधायला ती वहिनींच्या घरी गेली. न्हाणीत पाट उभा करून ठेवला होता. त्यावर बसून वहिनी रोज बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत, अर्थातच फणसीनच्या साबणानं. मुक्तानं पाट उलटा केला. तिच्या आजीच्या काळचा तो फणसाचा पाट खालून पांढऱ्या बुरशीनं माखला होता. झाडाला ही ढाल तयार करायला युगं लागली असतील, आणि या दीडशहाण्यांनी ती काही वर्षांत साबणाच्या फेसात घालवली.

ती तरातरा परसात गेली. तिथल्या फणसाची एक फांदी पावसाळ्याआधी तोडली होती. त्या जखमेवरही तीच बुरशी होती. पण इथं ती एका जागी थबकली होती. तिच्या हद्दीवर लाकूड विटकरी झालं होतं, आणि त्याच्या आत सगळं स्वच्छ. पाट मेलेला होता, झाड जिवंत होतं. जुनं शस्त्र बोथट झालेलं पाहून त्यानं नवं संयुग घडवलं होतं. मुक्तानं कोयत्यानं त्या विटकरी लाकडाची ढलपी काढली.

इस्पितळात रेणुयंत्र होतं. ढलपी आत ठेवली की ते संयुगाची रचना वाचायचं आणि तसंच संयुग शुद्ध घडवून कुपीत द्यायचं. खोट एवढीच, की यंत्र कंपनीचं होतं. त्यानं वाचलेलं त्याच क्षणी कंपनीलाही कळत असे. मुक्ताचं बोट कळीवर अडलं.

"आत्या, वाट कसली बघतेस?" शर्वाणीचा आवाज फाटला होता.

"हे अजून कुणालाच दिलेलं नाही, शर्वाणी. यानं बाळ दगावूही शकेल."

"आणि नाही दिलं तर?"

पुढचं पुढे बघू, असं पुटपुटत मुक्तानं कळ दाबली.

औषध लागू पडलं. बाळाचं अंग हळूहळू ऊबदार झालं, आणि एका सकाळी त्यानं भुकेनं असा काही टाहो फोडला की शर्वाणी हसता हसता रडायला लागली. मुक्ताचेही डोळे भरून आले. तेवढ्यात तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला: अभिनंदन, डॉक्टर! नव्या साबणासाठी एखादं छानसं नाव सुचवाल का?

"निर्लज्ज मेले!" मुक्तानं फोन पर्समध्ये फेकला.

वहिनींनी बाळाची दृष्ट काढली, मग मुक्ताजवळ येऊन आवाज खाली आणला. "वन्सं, कुपीच्या तळाशी थोडं उरलंय ना? मला द्या. घरी गेल्यावर धुरीत घालीन."

"वहिनी, अहो, एवढं होऊनही? याचीही बुरशीला सवय झाली, तर पुढच्या बाळाला काय द्यायचं?"

"पुढचं पुढे बघू हो. आधी हे तर जगू दे."

कुपी मुक्ताच्या मुठीत होती आणि वहिनींचा हात पुढे झाला होता. यंत्रापुढे उभी राहून ती स्वतः हेच म्हणाली होती. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?